साताऱ्यातील एका अभ्यासवर्गाविषयी : कायोवा लोकांचे विधी आणि धर्म

साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरात एक खासगी अभ्यासकेंद्र लोकधर्म आणि विधी या विषयांवर सशुल्क वर्ग घेते. खंडोबा, काळुबाई, सिद्धनाथ अशा आपल्या दैवतांवरील त्यांचे वर्ग नेहमी भरतात. यंदा मात्र त्यांनी उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील कायोवा या जमातीच्या विधिपरंपरेसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला. शनिवारी संध्याकाळी बैठक, शुल्क बाराशे रुपये, त्यातच टिपणांची पुस्तिका आणि चहा, आणि शिकवायला समाजशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्या तुकडीत नाव घालावे की नाही, अशी विचारणा अनेकांनी माझ्याकडे केली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. नाव जरूर घालावे, असे माझे मत आहे; मात्र शेवटच्या बैठकीविषयी आणि जाहिरातीविषयी माझी गंभीर तक्रार आहे आणि तीही येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

पहिल्या बैठकीत सरांनी भूगोल आणि इतिहास थोडक्यात उरकला. कायोवा आज मुख्यतः ओक्लाहोमा राज्याच्या नैर्ऋत्य भागात राहतात आणि जमातीचे मुख्य कार्यालय कार्नेगी या गावी आहे. त्यांच्या परंपरेने जपलेली आठवण मात्र यलोस्टोन आणि मिसुरी या नद्यांच्या उगमाकडील थंड, डोंगराळ मुलखाची आहे. तेथून ब्लॅक हिल्सच्या बाजूने ते दक्षिणेकडे सरकत गेले आणि वाटेत क्रो लोकांशी त्यांचा स्नेह जुळला. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाने कोमांची आणि मैदानी अपाची यांच्याबरोबर त्यांना राखीव क्षेत्रात आणले गेले, आणि १९०१ मध्ये तेही क्षेत्र गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुले झाले. एवढे सांगून झाल्यावर सर फळ्याकडे वळले, आणि वर्गाचे खरे वेगळेपण तेथून सुरू झाले.

फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून त्यांनी खडूची रेघ उचलली, ती कडेकडेने फिरवत आत आत नेली आणि मध्यावर आणून थांबवली. सेत्तान नावाच्या कायोवा गृहस्थाने ठेवलेल्या चित्रमय कालगणनेची ही मांडणी होती. १८३२-३३ च्या हिवाळ्यापासून १८९२ पर्यंत सुमारे साठ वर्षे या कालगणनेत आहेत आणि प्रत्येक वर्षाला दोन चित्रे आहेत, एक हिवाळ्याचे आणि एक उन्हाळ्याचे. हिवाळ्याची खूण म्हणजे काळा उभा पट्टा, कारण त्या दिवसांत झाडपाला मेलेला असतो. उन्हाळ्याची खूण म्हणजे सूर्यनृत्याच्या विधिमंडपाची आकृती. अमेरिकन वंशशास्त्र विभागासाठी काम करणारे जेम्स मूनी यांनी ही कालगणना, दोहासान या प्रमुखाच्या घराण्यातील कालगणना आणि आंको याची कालगणना एकमेकींशी ताडून १८९८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि वर्गाचा बराचसा भाग याच सामग्रीवर उभा होता.

रेघेवर पट्टे आणि मंडप काढून झाल्यावर सरांनी स्वतः काही न सांगता आम्हाला वाचायला सांगितले. कोठे मंडप दिसत नाही ते शोधा, एवढीच सूचना त्यांनी केली. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की सुरुवातीच्या काही उन्हाळ्यांत आणि शेवटी शेवटी मंडप गायब आहे. त्यावर सरांनी सांगितले की ज्या उन्हाळ्यात नृत्य झाले नाही त्या उन्हाळ्याला मंडप मिळत नाही, आणि मग एकेका उन्हाळ्याची ओळख उलगडत गेली. १८४९ चा उन्हाळा पटकीच्या साथीचे सूर्यनृत्य म्हणून लक्षात ठेवला गेला. १८५७ चा उन्हाळा जमिनीत रोवलेल्या दुबेळक्याच्या काठीला पालवी फुटली म्हणून, तर १८६१ चा उन्हाळा कोणीतरी एक अबलख घोडा मंडपात देवाला म्हणून बांधून ठेवला आणि सारे तळ उठवून निघून गेले म्हणून ओळखला गेला. ज्या समाजाचा उन्हाळा विधीच्या नावाने मोजला जातो, त्या समाजाच्या धर्माची ओळख कालगणनेपासून करून द्यावी, हा निर्णय मला फार योग्य वाटला. धर्मावरच्या व्याख्यानांत सहसा आधी देवांची यादी येते आणि माणसे नंतर येतात. येथे साथी, दुष्काळ, घोडे आणि लढाया आधी आल्या आणि देव त्यांच्यातूनच दिसू लागले.

दुसरी बैठक सूर्यनृत्याला, म्हणजे कायोवा ज्याला काडो म्हणतात त्या विधीला, पूर्णपणे दिलेली होती. नदीकाठच्या कॉटनवुड झाडांचा कापूस उडू लागला, म्हणजे साधारण जूनच्या मध्यावर, हा विधी भरत असे. एरवी वेगवेगळ्या टोळ्यांनी विखुरलेली जमात तेव्हा एका मोठ्या वर्तुळात तळ देई, मधल्या खांबासाठी झाड निवडले जाई, ते झाड जणू शत्रू आहे असे मानून त्याच्याभोवती लुटुपुटीची लढाई होई, आणि बंदी म्हणून आणलेल्या एका स्त्रीच्या हातून ते पाडले जाई. खांबावर गव्याच्या (म्हणजे तिकडच्या बायसनच्या) बैलाचे कातडे चढे, आणि मग चार दिवस नाचणारे उपाशीपोटी, ताइमेकडे दृष्टी लावून नाचत.

ताइमे ही या धर्मातील सर्वांत पवित्र वस्तू. मूनी यांच्या वर्णनानुसार ती दोन फुटांहूनही लहान, गडद हिरव्या दगडाची, माणसाचे डोके आणि छाती यांच्यासारखी दिसणारी मूर्ती आहे. अंगावर पांढऱ्या पिसांचा झगा, डोक्यावर एकच उभे पीस, गळ्यात निळ्या मण्यांच्या माळा, आणि चेहऱ्यावर व छातीवर सूर्य-चंद्राच्या खुणा रंगवलेल्या. ती क्रो लोकांकडून कायोवांकडे आली असे परंपरा सांगते. कच्च्या कातड्याच्या पेटीत ती ठेवलेली असे आणि सूर्यनृत्याखेरीज कोणत्याही प्रसंगी उघडली जात नसे. त्या चार दिवसांत मात्र मंडपाच्या पश्चिम बाजूस एका छोट्या काठीला बांधून ती सर्वांसमोर उभी केली जाई. तिचा सांभाळ वंशपरंपरेने ठरलेल्या एका राखणदाराकडे असे, आणि मूनी यांच्या काळात ही जबाबदारी एका स्त्रीकडे होती.

येथे मला केंद्राच्या जाहिरातीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. पोवई नाक्यावर लावलेल्या फलकावर छातीच्या कातड्यात खुंट्या खुपसून, दोरांनी खांबाला ओढलेला एक पुरुष दाखवला होता आणि खाली कायोवांचे सूर्यनृत्य असे ठळक अक्षरांत छापले होते. मैदानी प्रदेशातील इतर काही जमातींत अशी देहपीडा या विधीचा भाग होती, हे खरे आहे. कायोवांच्या सूर्यनृत्यात मात्र रक्त सांडणे पूर्णपणे वर्ज्य होते. चुकून रक्त निघाले तरी तो मोठा अपशकुन मानला जाई आणि नृत्य तेथेच थांबवावे लागे. म्हणजे ज्या एका बाबतीत हा विधी शेजाऱ्यांच्या विधींपासून सर्वांत दूर आहे, नेमकी तीच बाब फलकाने उलटी करून रस्त्यावर टांगली. सरांनी दुसऱ्या बैठकीच्या आरंभीच ही चूक वर्गासमोर सांगितली, पण फलक वर्ग संपेपर्यंत तसाच राहिला. लोकांना आत खेचण्यासाठी रक्ताचे चित्र लावायचे आणि आत गेल्यावर रक्त निषिद्ध असल्याचे शिकवायचे, हे अभ्यासकेंद्राला शोभत नाही. नाक्यावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांच्या मनात कायोवांचे जे चित्र ठसले असेल, ते पुसायला हा एक वर्ग पुरा पडणार नाही.

१८३३ च्या उन्हाळ्याची हकिगत मी वर्गात प्रथमच सविस्तर ऐकली. पुरुषमंडळी बाहेर असताना ओसेज या शत्रू जमातीच्या लोकांनी कायोवांच्या तळावर छापा घातला, सापडलेल्यांची शिरे कापून पितळी भांड्यांत ठेवली आणि ताइमे पळवून नेली. पुढे दोन वर्षे सूर्यनृत्य झाले नाही. १८३५ मध्ये समेट झाला आणि ताइमे परत मिळाली, तेव्हाच मंडप पुन्हा उभा राहिला. याच १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये, १३ तारखेच्या पहाटे, उत्तर अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला आणि कालगणनेत तो हिवाळा तारे कोसळल्याचा हिवाळा म्हणून नोंदला गेला. सेत्तानचा जन्म त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला असल्यामुळे स्वतःचे वय सांगायला त्याला तेवढी खूण पुरत असे.

हे सांगून झाल्यावर कोरेगावहून येणाऱ्या एका काकूंनी विचारले, “सर, मूर्ती गेली तर दुसरी का नाही घडवली? दोन वर्षं देवाशिवाय कशी काढली?” सर म्हणाले, “काकू, दुसरी घडवायचा अधिकार कुणाला, हे आधी विचारा. जिला ती सांभाळायला दिली, तिनं ती पुढं द्यायची. घडवायची कुणी?” या एका उत्तरावर वर्गात पाऊण तास चर्चा झाली आणि सरांनी ती होऊ दिली. विधीची वस्तू, ती सांभाळणारे घर, आणि त्या घराने कोणाला काय दाखवायचे याची मर्यादा, हा धागा त्यांनी पुढच्या प्रत्येक बैठकीत हातचा सोडला नाही. माझ्या दृष्टीने संपूर्ण वर्गाचे मोल या धाग्यात आहे.

तिसऱ्या बैठकीत दहा पवित्र गाठोडी आली, ज्यांना दहा आज्या असेही म्हटले जाते. कथा अशी की सूर्याचा एक मुलगा पृथ्वीवर वाढत असताना त्याने फेकलेले कडे त्याच्याच अंगावर पडले आणि तो दुभंगून एकाचे दोन मुलगे झाले. पुष्कळ पराक्रमांनंतर त्यांतील एक पाण्यात चालत जाऊन दिसेनासा झाला, आणि दुसऱ्याने आपले शरीरच दहा भागांच्या औषधीत बदलून जमातीला दिले. हे दहा भाग दहा राखणदारांच्या घरी आहेत, त्यांच्यापुढे नवस बोलले जातात आणि प्रार्थना केल्या जातात. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्यांचे सामाजिक काम. दोन माणसांत भांडण जुंपले, सूड उगवण्याची भाषा सुरू झाली, की राखणदार पवित्र चिलीम घेऊन मध्ये उभा राही, आणि ती चिलीम स्वीकारली की वैर मिटवावेच लागे.

या ठिकाणी सरांनी शिखर शिंगणापूरच्या कावडींचा दाखला दिला. चैत्रात मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडींत सासवडच्या भुतोजी तेल्यांच्या कावडीचा मान मोठा, आणि तो मान त्या घराण्याकडेच राहतो; दुसऱ्या कोणी तितकीच मोठी कावड तितक्याच भक्तीने आणली म्हणून तो मान त्याला मिळत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी मानपानाचे वाद गावोगावी पाहिलेले असल्यामुळे राखणदारी म्हणजे काय हे यापेक्षा सोप्या रीतीने समजले नसते. तुलना एवढ्यावरच थांबवून, कायोवांच्या गाठोड्यांना आपल्याकडची मूर्ती किंवा टाक समजू नका, असे त्यांनी लगेच बजावले, तेही योग्यच झाले.

गाठोड्यांत काय असते, असे अर्थातच विचारले गेले. सरांनी उत्तर दिले नाही. ज्या कुटुंबांकडे ती आहेत त्यांनी स्वतः सांगितले तरच ते सांगण्यासारखे आहे, एवढेच ते म्हणाले, आणि पुस्तिकेतही त्यांनी त्याविषयी एक ओळ छापलेली नाही. चहाच्या वेळी काहींनी यावर नाराजी दाखवली. पैसे भरून आलो तर माहिती पूर्ण मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी याच्याशी सहमत नाही. ताइमेची पेटी जे लोक वर्षातून एकदाच उघडत, त्यांच्या धर्मावरचा वर्ग झाकलेले ते झाकलेले ठेवतो, तेव्हा तो त्या धर्माचा एक भाग अचूक शिकवत असतो.

योद्ध्यांच्या मंडळांची माहिती त्यानंतर झपाट्याने झाली आणि ती तशी झाली याबद्दल माझी तक्रार नाही. लहान मुलांच्या ‘ससे’ नावाच्या मंडळापासून दहा निवडक वीरांच्या कोइत्सेंको मंडळापर्यंतची चढती रचना, युद्धात आपला पट्टा भाल्याने जमिनीला खिळवून तेथेच उभे राहण्याची कोइत्सेंकोंची शपथ, आणि १८७१ च्या जूनमध्ये बेड्या घातलेल्या अवस्थेत मंडळाचे मृत्युगीत गात पहारेकऱ्यांवर तुटून पडलेला त्यांचा म्होरक्या सेतांग्या, एवढे समजले तरी पुढचा भाग समजायला पुरेसे आहे.

चौथी बैठक मला सर्वांत उत्तम वाटली. सूर्यनृत्य कसे संपले, हा तिचा विषय होता, आणि सर पुन्हा फळ्यावरच्या त्याच रेघेकडे गेले. मंडपाच्या खांबाला गव्याचे कातडे हवे, आणि १८७० च्या दशकात शिकाऱ्यांनी दक्षिणेकडील गव्यांचे कळप संपवत आणले होते. १८७९ चा उन्हाळा घोडे खाल्ल्याचे सूर्यनृत्य म्हणून नोंदला आहे, कारण शिकार उरली नव्हती आणि लोकांनी आपलेच घोडे मारून पोट भरले. १८८२ मध्ये गवा न मिळाल्यामुळे नृत्यच झाले नाही. त्याच सुमारास गवे जमिनीखाली कोंडले गेले आहेत आणि आपण ते बाहेर आणू, असे सांगणारा एक विधिकर्ता पुढे आला, लोकांनी त्याला भेटी दिल्या आणि वाट पाहिली, पण गवे आले नाहीत. १८८३ मध्ये सरकारने नियम करून अशा नृत्यांना गुन्हा ठरवले होतेच. १८८७ मध्ये टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट यांच्या खासगी कळपातून गवा विकत आणून वॉशिता नदीच्या परिसरात नृत्य झाले, आणि तेच शेवटचे ठरले.

सरांनी १८९० पाशी खडू थांबवला. त्या उन्हाळ्यात मंडपाची तयारी सुरू झाली होती, दुबेळक्याचे खांब उभे राहिले होते, आणि फोर्ट सिल या लष्करी ठाण्याहून सैन्य निघाल्याची बातमी आली. लोक खांब तसेच टाकून पांगले. कालगणनेत त्या उन्हाळ्याची ओळखही तीच आहे: खांब उभे सोडून दिल्याचा उन्हाळा. कायद्याने विधी बंद पाडणे म्हणजे काय, हे मी अनेक पुस्तकांत वाचले होते. पण ज्या कालगणनेत उन्हाळा म्हणजेच मंडप, तिथे विधी बंद करणाऱ्याने त्या लोकांचे वर्ष मोजण्याचे साधनच काढून घेतले, ही गोष्ट मला या बैठकीतच उमगली. सरांनी या घटनेवर भावनाविवश होऊन भाष्य केले नाही. त्यांनी तारखा सांगितल्या, गव्यांचा संहार आणि सरकारी बंदी ही दोन कारणे वेगवेगळी ठेवून समजावली, आणि एक कारण नसते तर दुसऱ्याने काय झाले असते, हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला.

इतक्या चांगल्या बैठकीनंतर पाचवी आणि शेवटची बैठक निराश करणारी ठरली, आणि त्याला जबाबदार आखणी आहे. १८९० नंतरची सव्वाशेहून अधिक वर्षे दोन तासांत कोंबली गेली. मेलेले आप्त आणि गवे परत येतील या श्रद्धेवर उभी राहिलेली प्रेतनृत्याची चळवळ, तिचा प्रवर्तक वोवोका याला प्रत्यक्ष भेटायला नेवाडापर्यंत गेलेला आपियातान हा कायोवा, परत येऊन १८९१ मध्ये अनादार्कोच्या सभेत त्याने सांगितलेले प्रतिकूल मत, आणि तरीही १८९४ पासून सुमारे १९१६ पर्यंत कायोवांमध्ये टिकून राहिलेले ते नृत्य, या एकाच गोष्टीला एक पूर्ण बैठक हवी होती. एका माणसाच्या साक्षीवर जमातीने श्रद्धा सोडली आणि नंतर ती पुन्हा उचलली, यातील गुंतागुंत दहा मिनिटांत कशी उलगडणार?

पेयोटे या निवडुंगाचे प्रार्थनेत सेवन करण्याच्या विधीचेही तसेच झाले. तंबूत रात्रभर चालणारी प्रार्थना, चंद्रकोरीच्या आकाराची मातीची वेदी, ढोल आणि खुळखुळ्यावरची गाणी, पहाटेचे पाणी, यांचे वर्णन सरांनी सुंदर केले. पण १९१८ मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्च या पेयोटे-उपासकांच्या संस्थेची कायदेशीर नोंदणी का करावी लागली, आणि तिला पाठिंबा दिल्याबद्दल त्याच जेम्स मूनी यांना कायोवांमध्ये पुन्हा काम करण्यास कशी मनाई झाली, हे घाईत सांगितले गेले. ज्यांच्या नोंदींवर चार बैठका उभ्या राहिल्या त्या माणसाचा शेवट एका वाक्यात उरकणे मला पटले नाही. कायोवा भाषेतील ख्रिस्ती भजनांचा तर केवळ उल्लेख झाला. रेनी माउंटनच्या परिसरात बाप्तिस्त चर्च आहे, तेथे जमातीच्या स्वतःच्या भाषेत रचलेली भजने गायली जातात, आणि भाषा बोलणारे थोडे उरले असताना ती भजने भाषा सांभाळण्याचेही काम करतात. साताऱ्यातील श्रोत्यांना, ज्यांच्या घरात अभंगांतून जुनी मराठी टिकून आहे, हा भाग सहज भिडला असता.

आजच्या परंपरांचे काय, हे विचारण्यासाठी अनेक हात वर होते. १९५७ मध्ये तुंबानृत्य, म्हणजे हातात खुळखुळा घेऊन करायचे नृत्य, करणाऱ्यांचे मंडळ नव्याने उभे राहिले आणि दरवर्षी जुलैच्या आरंभी कार्नेगीला त्यांचा सोहळा भरतो. १९५८ मध्ये काळ्या पायमोज्यांचे योद्धा मंडळ सैन्यातून परतलेल्या माजी सैनिकांसाठी पुन्हा सुरू झाले, आणि त्यांची खांद्यावरची लाल वस्त्रे, भाले आणि गाणी जुन्या मंडळाशी नाते सांगतात. साताऱ्याच्या जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावे आहेत, वर्गातही तीन-चार माजी सैनिक बसलेले होते. सीमेवरून परतलेल्या माणसाला विधीने घरात घेणे ही कल्पना त्यांना समजावून सांगण्याची संधी वेळेअभावी हुकली, याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्यांनी फक्त पहिल्या चार बैठका मनावर घेतल्या असतील, त्यांचा समज असाच होईल की कायोवांचा धर्म १८९० मध्ये संपला. वस्तुस्थिती तशी नाही, आणि सरांनाही तसे म्हणायचे नव्हते.

सोयींबद्दल थोडक्यात लिहिते. खोली हवेशीर आहे, पण रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की वाहनांच्या आवाजात सरांचे बोलणे मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही. ध्वनिक्षेपक असूनही तो वापरला गेला नाही. चहा वेळेवर आणि चांगला. पुस्तिकेचा मजकूर नेटका आहे, शुद्धलेखन काळजीपूर्वक तपासलेले आहे, परंतु कालगणनेच्या चित्रांची झेरॉक्स इतकी काळी निघाली आहे की हिवाळ्याचा पट्टा आणि उन्हाळ्याचा मंडप काही पानांवर वेगळे ओळखता येत नाहीत. इतर विषयाच्या पुस्तिकेत हे चालून गेले असते. येथे ती दोन चिन्हे ओळखता आली नाहीत तर पुस्तिका वाचताच येत नाही. चांगल्या कागदावर, स्वच्छ छापलेली चार पाने जोडली तरी काम भागेल. शनिवारची वेळही बदलावी, कारण वाई आणि कोरेगावकडे जाणाऱ्यांना शेवटची एसटी गाठण्यासाठी ऐन चर्चेच्या वेळी उठावे लागे. रविवारी सकाळची वेळ सर्वांना सोयीची होईल.

हा वर्ग विधी, जत्रा, मानपान, देवस्थान यांचा अभ्यास करणाऱ्यांनी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि गावच्या देवस्थानाच्या कारभारात असलेल्यांनी जरूर करावा. चमत्कार आणि गूढ गोष्टी ऐकण्याच्या इच्छेने येणाऱ्यांना तो रुचणार नाही. केंद्राच्या व्यवस्थापकांना मी दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत. नाक्यावरचा फलक पुढच्या तुकडीसाठी वापरू नये, आणि १८९० नंतरच्या काळाला दोन स्वतंत्र बैठका द्याव्यात. त्यासाठी शुल्क दोनशे रुपयांनी वाढवावे लागले तरी माझी हरकत नाही, आणि त्या दोन बैठकांसाठी मी पुन्हा नाव घालणार आहे.